छातीचे विकार आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



मी डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. बी. ए., बी. एड. झालेला आणि मराठी-इतिहास शिकविणारा मी एक साधा शिक्षक आहे. छातीच्या रोगांवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो योग्यच आहे. यंदा आपल्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले-मुली वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेवर आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आरोग्याचा एखादा विषय घ्यावा, असे कार्यकारी मंडळाने सुचविले, तेव्हा हा विषय मीच मागून घेतला. त्याचे कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती पुढे सांगणारच आहे. येथे जी वैद्यकीय माहिती देत आहे, ती मी वाचून आणि जाणकारांना विचारून घेतलेली आहे.

प्रथम फुफ्फुस म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. नाकातून आत गेलेली हवा श्वासनलिकेतून खाली उतरते. ही नलिका झाडाच्या फांदीसारखी दुभंगत दुभंगत सुमारे तेवीस वेळा विभागते आणि शेवटी कोट्यवधी बारीक वायुकोशांत संपते. हे सारे कोश उलगडून पसरले तर एका वर्गखोलीची जमीन झाकली जाईल. एवढा मोठा पडदा निसर्गाने आपल्या छातीत घडी घालून ठेवला आहे. पडद्याच्या एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस रक्त. प्राणवायू आत येतो, कर्बवायू बाहेर जातो. दिवसाकाठी आपण वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो आणि एकाही श्वासाकडे आपले लक्ष नसते. लक्ष जाते ते श्वास अडू लागल्यावरच.

हे रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसात जाते आणि तेथे हवेशी भेट घेऊन डाव्या कप्प्यात परतते, हे प्रथम कोणी लिहून ठेवले? दमास्कसला शिकलेले आणि कैरो येथे वैद्यकी केलेले इब्न अल-नफीस यांनी, तेराव्या शतकात. त्यापूर्वी हजार वर्षे गेलनचे मत प्रमाण मानले जाई की, हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे असून रक्त त्यातून पलीकडे जाते. इब्न अल-नफीस यांनी स्वच्छ सांगितले की, त्या पडद्याला छिद्रे नाहीत. त्यांचे हे लिखाण पुढे विस्मृतीत गेले, आणि १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरला जर्मनीतील ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित सापडले तेव्हा जगाला ते पुन्हा कळले. इब्न सीना यांनी तर अकराव्या शतकात क्षयरोग एकाकडून दुसऱ्याला लागतो असे आपल्या ग्रंथात नमूद केले होते.

मित्रांनो, आपल्या सभांतून ही नावे पुष्कळदा घेतली जातात, टाळ्या पडतात आणि आपण घरी जातो. मला याचे थोडे वाईट वाटते. इब्न सीनांनी जे हजार वर्षांपूर्वी सांगितले, ते आपल्या मोहल्ल्यात आजही पाळले जात नसेल, तर त्यांचा अभिमान बाळगण्याचा हक्क आपल्याला कितपत आहे?

आता निदानाकडे वळू. वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्या मुलांनी हे लक्ष देऊन ऐकावे.

छातीच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी प्रथम बोटांनी आणि कानांनी पाहावयास शिकून घेतले. ऑस्ट्रियातील औएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांचे वडील खानावळ चालवीत. पिंप किती भरले आहे हे बाहेरून बोट वाजवून कळते, हे मुलाने घरी पाहिले होते. पोकळ भागावर एक नाद येतो, भरलेल्या भागावर दुसरा. तीच युक्ती त्यांनी रोग्याच्या छातीवर वापरली आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिले. आजही डॉक्टर छातीवर डाव्या हाताचे बोट ठेवून त्यावर उजव्या हाताच्या बोटाने टकटक करतात ती हीच. छातीत पाणी साचले असेल तर आवाज जड येतो.

स्टेथोस्कोपची कथा तर आपल्या माता-भगिनींनी अवश्य ऐकावी. १८१६ सालापर्यंत डॉक्टर रोग्याच्या छातीला प्रत्यक्ष कान लावून ऐकत. पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांसमोर एक तरुण स्त्री रोगी म्हणून आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे आपल्या कानाला लावले. आणि आवाज नुसत्या कानापेक्षा अधिक स्पष्ट ऐकू आला! म्हणजे ज्या यंत्रामुळे आज जगभर डॉक्टर ओळखला जातो, ते एका स्त्रीची मर्यादा राखण्यासाठी जन्माला आले. तेव्हा पडद्याचे कारण सांगून लेकीसुनांची छाती तपासू न देणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी अदबीने एवढेच विचारीन की, ही अडचण दोनशे वर्षांपूर्वी सुटली आहे, मग आपण कोठे अडलो आहोत? लेनेक स्वतः १८२६ साली वारले, तेही क्षयानेच. ज्या रोगाचे आवाज त्यांनी जगाला ऐकवले, त्यानेच त्यांना नेले.

पुढे २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि छातीचा फोटो काढता येऊ लागला. ही झाली ओळख. आता प्रत्यक्ष रोग.

छातीचे रोग अनेक आहेत. सर्वांविषयी बोलण्यास वेळ नाही. लहान मुलांच्या न्यूमोनियाबद्दल मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणार नाही, कारण ती प्रत्येक आईला घरच्या घरी करता येते. तापाने फणफणलेले व खोकणारे मूल शांत असताना त्याचे कपडे वर करून पुरे एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाचे पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांचे चाळीस किंवा अधिक श्वास घेत असेल, तर तो साधा सर्दी-खोकला समजू नये. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा. या रोगाच्या एका प्रमुख जंतूवरील लस आता सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ती चुकवू नये.

आता माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे, मागच्या बाकावर बसणारी. पावसाळ्यात तिला खोकला सुरू झाला. पावसाळ्यात कोणाला खोकला नसतो? पण श्रावण गेला, भादवा गेला, तरी खोकला जाईना. मी कविता शिकवीत असे आणि मध्येच तिचा खोकला सुरू होई. दोनदा मी तिला बाहेर जाऊन पाणी पिऊन ये म्हटले. तिसऱ्यांदा चिडून म्हणालो, "घरी औषध देत नाहीत का तुला?" वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती दुपट्टा तोंडात दाबून बसू लागली. दिवाळीच्या सुटीनंतर ती शाळेत आलीच नाही.

पटावरून नाव कमी करण्याची वेळ आली, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईने दारातूनच सांगितले, "सर, ती मामाकडे गेली आहे. आता नाही शिकवायचं तिला." तेवढ्यात आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. तो खोकला मला ओळखू आला. आईने मान खाली घातली आणि मला आत या म्हटले.

हकीकत अशी होती. मुलीचे वडील आखातात नोकरीस होते. सुटीवर आले असता त्यांना खोकला झाला, क्षय निघाला. औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत भूक वाढली, अंगावर मांस आले, आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. घरात पाकिटे दिसली तर लोक काय म्हणतील, हे एक कारण. दुसरे, परत जाण्यासाठी वैद्यकीय तपासणी तोंडावर आली होती. आपल्या किनारपट्टीच्या घरांतून या तपासणीची केवढी धास्ती असते हे येथे बसलेल्यांना मी सांगावयास नको. छातीच्या फोटोत जुन्या क्षयाचा व्रण दिसला तरी माणूस 'अनफिट' ठरू शकतो. तसेच झाले. नोकरी गेली, गोळ्या आधीच सुटल्या होत्या, खोकला परत आला, आणि खिडक्या बंद केलेल्या एकाच खोलीत सारे कुटुंब झोपत होते. मुलीला रोग कोठून लागला हे वेगळे सांगावयास नको.

त्या चार महिन्यांत मुलीला काय औषध मिळाले? प्रथम दुकानातून आणलेले पातळ औषध. मग एका ठिकाणी प्रतिजैविकांचा एक कोर्स, मग दुसऱ्या ठिकाणी दुसरा. थोडे बरे वाटे, पुन्हा तेच. यात एक धोका आहे, तो भावी डॉक्टरांनी टिपून ठेवावा. काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूलाही थोडी दाबतात. त्यामुळे रोगी बरा होत असल्याचा भास होतो आणि निदान महिना-महिना लांबते. तिच्या थुंकीची तपासणी चार महिन्यांत एकानेही सांगितली नव्हती. आणि रोज सहा तास तिच्यासमोर उभा राहणारा मी शिक्षक! मला तिच्या खोकल्यात फक्त कवितेचा व्यत्यय दिसला.

वाचकहो, दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकलेला खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, एवढे एक समीकरण पाठ करून ठेवा. त्याच्या जोडीला संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, बेडक्यातून रक्त यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये. थुंकीचे दोन नमुने देतात, त्यांपैकी एक सकाळी उठल्यावरचा असावा. नमुना म्हणजे तोंडातील लाळ नव्हे. खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला बेडका. अनेकदा लाळच दिली जाते, तपासणी निरर्थक ठरते आणि घरी सांगितले जाते की "काही निघाले नाही."

पूर्वी केवळ सूक्ष्मदर्शकावर भिस्त असे. जंतू वाढवून पाहावयाचे तर सहा ते आठ आठवडे लागत, कारण हा जंतू फार मंद आहे. साधे जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. यास वीस तासांच्या आसपास लागतात. आता जंतूची जनुकीय खूण ओळखणारी यंत्रे आली आहेत. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा पहिल्या यंत्राची शिफारस केली. दोन तासांच्या आत क्षय आहे की नाही, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल की नाही, दोन्ही कळते. 'ट्रूनॅट' नावाचे असेच एक यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीने बनविले आहे. बॅटरीवर चालते आणि लहान गावातील केंद्रातही ठेवता येते. रक्त काढून क्षयाचे निदान करणाऱ्या काही तपासण्या मात्र भरवशाच्या नव्हत्या, म्हणून त्यांवर भारत सरकारने २०१२ साली बंदी घातली. लहान मुलांना खाकरून थुंकता येत नाही, ती बेडका गिळतात. म्हणून त्यांच्या बाबतीत पोटातील द्रव, छातीचा फोटो आणि घरातील रोग्याचा इतिहास या साऱ्यांचा मेळ घालावा लागतो.

उपचाराविषयी आपल्या मनात अजून जुनी चित्रे आहेत. माझ्या आजीच्या पिढीला क्षय म्हणजे डोंगरावरचे आरोग्यधाम, दूध, अंडी आणि अखेर मृत्यू असेच माहीत होते. त्यांचीही चूक नव्हती. आपले नाटककार राम गणेश गडकरी १९१९ साली क्षयाने गेले तेव्हा जगात या रोगावर औषधच नव्हते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ साली आयसोनियाझिड आले, आणि चित्र पालटले. त्यानंतरचा एक मोठा प्रयोग आपल्या देशात, मद्रास येथे झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीच्या गरीब घरांतच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरी राहिलेलेही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले, आणि त्यांच्या घरातील इतर माणसांना अधिक धोका झाला नाही. सारे जग त्यावरून घरच्या उपचाराकडे वळले. तेव्हा ताट वेगळे, वाटी वेगळी, पोरीला मागच्या पडवीत, हा प्रकार आता पुरे. क्षय भांड्यांतून लागत नाही. तो हवेतून लागतो, खोकल्याबरोबर उडणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांतून. म्हणून ताट वेगळे करण्यापेक्षा खिडकी उघडा. रोग्याने तोंडावर रुमाल धरावा. योग्य औषध सुरू झाल्यावर बहुतेकांचा संसर्ग पहिल्या काही आठवड्यांतच ओसरतो.

साध्या क्षयाला आज सहा महिने औषध लागते. पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने तीन. सहा महिने का? जंतूंचा मोठा भाग पहिल्या दोन महिन्यांत मरतो, म्हणूनच रोग्याला बरे वाटते. पण थोडे जंतू सुस्त पडून राहतात, आणि औषध त्यांना हळूहळूच गाठते. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर उरतात ते नेमके चिवट जंतू. मग तीच औषधे त्यांच्यावर चालेनाशी होतात. अशा क्षयाला फार काळ दीड-दोन वर्षे आणि रोज इंजेक्शने लागत, रोग्याचे कान जात. आता त्यावर नवी तोंडी औषधे आली असून बऱ्याच रोग्यांत सहा महिन्यांचा उपचार शक्य झाला आहे. तरी तो मार्ग कष्टाचाच आहे.

गोळ्यांनी लघवी तांबूस-नारिंगी होते. रक्त जाते आहे असे वाटून अनेकजण औषध सोडतात. तो रंग रिफाम्पिसिनचा असतो, भिऊ नये. पण डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या, नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये व रेटूही नये.

तपासणी व औषधे सरकारी केंद्रात पूर्णपणे मोफत आहेत. पौष्टिक आहारासाठी रोग्याच्या बँक खात्यात २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. हे दान नव्हे, आपला हक्क आहे. तो घेण्यात संकोच कसला? घरातील इतरांनीही तपासून घ्यावे. ज्यांना रोग नाही पण संसर्गाचा धोका आहे, त्यांना प्रतिबंधक गोळ्या देतात. जन्मतः दिलेली बीसीजी लस बाळाला मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून पुष्कळ संरक्षण देते, मात्र मोठेपणीच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून तिचा भरवसा धरता येत नाही, असे १९६८ साली तमिळनाडूतील चिंगलपेट येथे सुरू झालेल्या मोठ्या प्रयोगात आढळले. "लस टोचली आहे, क्षय होणार नाही" हा समज म्हणून चुकीचा.

आणि कोणी असे समजू नये की हा गेलेल्या जमान्याचा रोग आहे. २०२३ साली जगात एक कोटी आठ लाख लोक क्षयाने आजारी पडले. त्यांतील चतुर्थांशाहून अधिक आपल्या देशातील होते.

दमा ही निराळीच गोष्ट आहे. तो जंतूंचा रोग नाही, कोणाला लागत नाही. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी अशा कशाचेही निमित्त होऊन त्या आखडतात, आत चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना शीळ वाजते. गोपाळ गणेश आगरकरांना दम्याने आयुष्यभर छळले. एकोणचाळीसाव्या वर्षी, १८९५ साली ते गेले. त्यांच्या काळी आजच्यासारखे एकही औषध नव्हते. आज आहे, पण आपणच ते मुलाच्या तोंडाला लागू देत नाही. कारण काय, तर "पंपाची सवय लागते."

याचा थोडा हिशोब करू या. साल्ब्युटॅमॉल या औषधाची एक गोळी चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध शंभर मायक्रोग्रॅम असते, म्हणजे गोळीचा चाळीसावा भाग. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि थोडे औषध फुफ्फुसात पोचते. फवारा थेट जेथे हवा तेथे जातो. मग सवय कशाची आणि भीती कशाची? चष्म्याची सवय लागते म्हणून आपण मुलाला आंधळे ठेवतो काय?

पंप दोन तऱ्हांचे असतात. एक आखडलेली नळी लगेच मोकळी करणारा, दुसरा आतील सूज उतरविणारा, जो रोज घ्यावा लागतो. लोक पहिल्यावर भागवतात, कारण त्याने तात्काळ आराम पडतो. सूज तशीच राहते आणि एखाद्या रात्री जोराचा झटका येतो. केवळ आराम देणाऱ्या पंपावर मोठ्या मुलांनी व प्रौढांनी राहू नये, असे २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात स्पष्टच सांगितले आहे. लहान मुलांना पंप प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून द्यावा, औषध घशात वाया जात नाही. सूज उतरविणारे औषध घेतल्यावर चूळ भरावी. निदानासाठी नळीत जोराने फुंकर मारावयास लावून श्वासाचा वेग मोजतात. ना सुई, ना रक्त.

घराघरातून लोबान आणि अगरबत्तीचा धूर होतो. सुगंधाला माझा विरोध नाही. पण ज्या घरात दम्याचे मूल आहे, तेथे बंद खोलीत लोबान फिरविणे म्हणजे त्याचा गळा आवळणे होय. चुलीचा धूर, विडी-सिगारेट, मच्छर-अगरबत्ती यांचेही तेच. आणि जून महिन्यात हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळण्यासाठी जी गर्दी होते, तीत आपलेही काही लोक असतात. तेथील औषधाने दमा जातो याला शास्त्रीय पुरावा नाही. प्रवासाच्या त्याच खर्चात मुलाचा वर्षभराचा पंप येईल की नाही, याचा हिशोब पालकांनी स्वतःच करावा.

भिवंडी-मालेगावकडे आपले अनेक आप्त आहेत म्हणून एक शब्द त्यांच्यासाठी. कापसाच्या धुळीने, विशेषतः पिंजण आणि सूतकताईच्या खात्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना एक निराळा विकार होतो. सुटीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती जखडते, पुढच्या दिवसांत थोडी सैल होते. युरोपातील गिरण्यांत त्यास सोमवारचा रोग म्हणत. मालेगावात सुटी जुम्म्याची, तेव्हा तो शनिवारचा म्हणावा लागेल. पुढे पुढे तो रोजचा होतो आणि मग हटत नाही. डॉक्टर होणाऱ्या मुलांनी रोग्याला त्याचे काम काय, हे विचारण्यास कधीही विसरू नये.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे अनेकांनी भाषणानंतर विचारले. दुसऱ्याच दिवशी मी तिला आणि तिच्या वडिलांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. दोघांच्या थुंकीत जंतू निघाले. दैव चांगले म्हणून वडिलांच्या जंतूवर नेहमीचे औषध अजून चालत होते. त्यांनी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. धाकट्या भावाला प्रतिबंधक गोळ्या दिल्या. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मुलगी शाळेत परत आली, आणि मी भर वर्गात तिची माफी मागितली. तिला ती नको होती. तिला फक्त खिडकीजवळची जागा हवी होती. मधल्या काळात रमजान आला. गोळ्या सहरीला घेऊन रोजे धरता येतील का, असे तिने विचारले. आजाऱ्याला रोजे पुढे पुरे करण्याची सवलत आहे, आणि त्या वर्षी ती तिने घ्यावी, असे आमच्या मौलवीसाहेबांनी स्वतः घरी जाऊन सांगितले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. ती आता विज्ञान शाखेत शिकते. तिचे नाव येथे छापण्यास तिने मनाई केली आहे.

भाषण संपल्यावर बरेच प्रश्न आले. बहुतेकांची उत्तरे वर लिहिलेल्या मजकुरात आली आहेत. एक प्रश्न राहिला. सर्व मंडळी चहाला गेल्यावर एक बाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मुलीचा कोर्स पुरा झाला, डॉक्टर म्हणतात बरी आहे. आता स्थळ आलंय. सांगावं का त्यांना?"

मी गोंधळलो. नंतर म्हणालो, "सांगा. लग्नानंतर पुन्हा खोकला झाला तर तिथल्या डॉक्टरला हे माहीत असायला हवं, आणि तिने ते तिथे चोरून ठेवायचं म्हटलं तर ती औषधही चोरूनच घेईल." बाई म्हणाल्या, "आणि त्यांनी नकार दिला तर?" याचे उत्तर मला सुचले नाही. मी म्हटले, मुलाकडच्यांना बोलवा, मी येतो, डॉक्टरांनाही घेऊन येतो, आपण सारे मिळून त्यांच्याशी बोलू. त्यांनी पदर सावरला, मी चिठ्ठीवर लिहून दिलेला माझा फोन नंबर पिशवीत ठेवला आणि त्या गेल्या. हे लिहीपर्यंत त्यांचा फोन आलेला नाही.